मातकट

हर्षला वायदंडेचा रंग एका बुधवारी ठरला, आणि तो ठरवायला यंत्राला कपातला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

कोल्हापुराबाहेरच्या टेकडीवर स्टुडिओंची नवी वसाहत झाली होती, तिथली ही गोष्ट. हर्षलाला करड्या भिंतीसमोर उभं केलं. अंगात स्टुडिओचं कुडतं. त्याच्या धाग्यात विजेवर रंग पालटणारं रसायन भरलेलं होतं, म्हणून नटमंडळी त्याला 'सरडा' म्हणत. कॅमेरा तिच्या तोंडाकडे टक लावून बसला आणि सरड्याने रंग पालटायला सुरुवात केली. डाळिंबी, हळदी, मोरपंखी, जांभळा. मोरपंखी आला तेव्हा तिला वाटलं, आता थांब बाबा इथेच. तो थांबला नाही. दोनदा सगळे रंग फिरून तो भिजलेल्या गोणपाटाच्या रंगावर जाऊन बसला. पडद्यावर अक्षरं आली: मातकट.

"झालं," कास्टिंगचे प्रमुख अभिराम टिपणीस म्हणाले. "आता या रंगाशिवाय दुसऱ्या कपड्यात ऑडिशन द्यायची नाही. यंत्र घेणार नाही."

"कायमचं?"

"त्वचा बदलली तर कळवा," ते म्हणाले आणि हसले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

बाहेर बाकावर केतकी आपटे बसली होती. ती आधीच आत जाऊन आली होती आणि तिला मोरपंखी मिळाला होता. मैत्रिणीला सांगताना तिला जरा लाज वाटली, हे खरं. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता, तेही खरं.

या मोरपंखीची एक कहाणी होती. दोघी नाट्यशास्त्राच्या वर्गात होत्या तेव्हा ऑडिशनला काय घालायचं याचे नियम त्यांना पाठ होते. पांढरं नको, कॅमेरा दिपतो. काळं नको, अंग दिसत नाही आणि नुसतं तोंड तरंगतं. बारीक रेघा नकोत, पडद्यावर वळवळतात. हिरवं तर नकोच, मागचा पडदा हिरवा निघाला तर धड गायब. म्हणून दोघींनी मिळून एकच मोरपंखी कुडतं शिवलं होतं, बिनरेघांचं, बिननक्षीचं. एक आत जायची, दुसरी बाहेर थांबायची. आणि ज्या कपड्यात पहिली फेरी, त्याच कपड्यात दुसरी, हा या धंद्यातला जुना रिवाज. कपडे बदललेत की साहेब लोक माणूस विसरतात. तेव्हा जिला दुसऱ्या फेरीचं बोलावणं येईल, कुडतं तिच्याकडे राहायचं. कधी हर्षलाकडे, कधी केतकीकडे. त्या बुधवारनंतर ते केतकीकडे गेलं आणि परत आलं नाही.

यंत्र नक्की काय करत होतं ते सांगायला हवं, त्याशिवाय हर्षलाचा राग कळायचा नाही.

हृदयाचा ठोका पडला की रक्त गालात चढतं. रक्त हिरवा प्रकाश गिळतं. म्हणजे प्रत्येक ठोक्याला आपला चेहरा किंचित पालटतो, इतका किंचित की आईलाही दिसायचा नाही. कॅमेऱ्याला दिसतो. रडण्याचं सोंग करणाऱ्याचं रक्त एका तऱ्हेने चढतं आणि खरंच गलबललेल्याचं दुसऱ्या तऱ्हेने, हे लाखो चेहरे मोजून शोधून काढलेलं होतं. ऑडिशन संपली की पडद्यावर शंभरातला आकडा यायचा. त्याला म्हणत 'अस्सल'. वाहिन्यांना तर देव भेटल्यासारखं झालं. वशिला नको, वाद नको, आकडा बघा आणि सही करा.

अडचण एकच होती. कपड्याचा रंग हनुवटीवर, गळ्यावर परावर्तित होतो आणि मोजणी बिघडवतो. म्हणून ज्याचं रक्त ज्या रंगात स्वच्छ वाचता येईल तो त्याचा रंग, असं ठरलं. इथवर ठीक आहे. पण कातडीतलं मेलॅनिनही हिरवा प्रकाश गिळतं. सावळ्या चेहऱ्यावरून कॅमेऱ्याकडे परत येणारा प्रकाशच कमी. उजळ कपडा घातला की कॅमेरा कपड्याला दिपून स्वतःचा डोळा बारीक करतो आणि चेहरा आणखी अंधारात जातो. काळा घातला की डोळा ताणतो आणि चित्रात दाणे पडतात, त्या दाण्यांत रक्ताची हालचाल हरवते. यावर उपाय होता. दिवे वाढवायचे, चांगला कॅमेरा घ्यायचा. पण कॅमेरा महाग आणि माणूस स्वस्त, म्हणून त्यांनी माणसाला गोणपाट नेसवलं. तरीही सावळ्या माणसाचा आकडा चाळिशीच्या वर जायचा नाही.

पुढचं तर ऐकावं ते नवलच. मालिकेचे रंग आधी ठरलेले असतात. नायिकेला मोरपंखी, डाळिंबी. सासूला जांभळा. मोलकरणीला, भाजीवालीला, गर्दीतल्या बाईला मातकट. कुणा हुशाराने नटाचा रंग आणि भूमिकेचा रंग जुळवायचं काम यंत्राकडेच दिलं. झालं. मातकट रंगाच्या बाईला मातकट भूमिका. कुणी कुणाला सावळी म्हणालं नाही, कुणी कुणाची जात काढली नाही, सगळे आपापल्या जागी सज्जन राहिले आणि वर्षभरात हर्षला दोनदा मोलकरीण झाली, एकदा प्रेत. प्रेताच्या वेळी तरी आकडा लागणार नाही असं तिला वाटलं होतं. लागला.

घरभाडं तर द्यायचंच होतं. तेव्हा तिने क्यू द्यायचं काम धरलं. ऑडिशन देणारा फ्रेममध्ये उभा राहतो, समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचतं, तो क्यू. बहुतेक जण भाजीची यादी वाचल्यागत वाचतात. हर्षलाला तसं येत नव्हतं. स्टुडिओने दिलेला मातकट झगा घालून ती अंधारात उभी राहायची आणि आई असेल तर आई व्हायची, सावकार असेल तर सावकार. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बघायचं असतं ते फ्रेममध्ये.

मग एका मालिकेची संहिता आली. नायिका न्यायाधीश. सफाई कामगाराची लेक, तालुक्याच्या शाळेतून शिकून खुर्चीवर बसलेली. पहिल्याच पानावर लेखकाने लिहिलं होतं, 'सावळी, शांत, आवाज न चढवता बोलणारी.' एक प्रसंग होता. गटाराच्या टाकीत उतरून मेलेल्या मुलाची म्हातारी आई साक्ष द्यायला उभी आहे आणि न्यायाधीशबाईंना तिला कोरडे प्रश्न विचारायचे आहेत. हर्षलाने तो वाचला आणि तिला रात्रभर झोप आली नाही. तिचे मामा असेच गेले होते. ही भूमिका आपली आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला छातीवर हात ठेवून म्हणता येत होतं.

तिने नाव घातलं. यंत्राने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं: भूमिकेचा रंग मोरपंखी, उमेदवाराचा मातकट, जुळत नाही.

हर्षलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक टिपणीसांच्या खोलीत शिरली.

"बरं झालं आलात," टिपणीस म्हणाले. "मीच बोलावणार होतो. हे बघा."

त्यांनी पडद्यावर आलेख काढला. गेल्या वर्षातले सगळे उमेदवार आणि त्यांचे आकडे. काही ठिकाणी रेघ एकदम उंच उडालेली.

"आम्ही डोकं खाजवत होतो. तोच नट, तेच पान, तोच रंग, आणि एका दिवशी पन्नास, दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तर. मग लक्षात आलं. जिथे जिथे रेघ वर गेलीय, तिथे क्यू तुम्ही दिलाय." ते अगदी मनापासून खूश होते. "तुमच्यासमोर उभं राहिलं की दगडाचंही रक्त चढतं. आम्ही तुम्हाला कायम करतोय. सगळ्या मोठ्या ऑडिशनना क्यू तुम्हीच."

हर्षला त्या रेघेकडे बघत राहिली. वर्षभर अंधारात उभं राहून तिने जे केलं होतं ते सगळं तिथे होतं, दुसऱ्यांच्या नावावर.

"मग मला फ्रेममध्ये घ्या की, सर."

"तुमचा आकडा येत नाही ना."

"येत नाही म्हणजे मला काही होत नाही?"

"होत असेल," टिपणीस म्हणाले. "दिसत नाही."

"न्यायाधीशाची भूमिका कुणाला?"

"शेवटच्या फेरीत केतकी आपटे. ब्याऐंशी आहे तिचा. शूटिंगच्या वेळी दोन छटा सावळी करू तिला, ते आता सोपं असतं." त्यांनी क्षणभर विचार केला. "फेरी सोमवारी आहे. मीनाक्षीताई सरनोबत स्वतः येणार आहेत. निर्मात्यांसमोर मला धोका नकोय, तेव्हा क्यू तुम्हीच द्याल."

ती तशीच बाहेर आली. थांबली असती तर हात उचलला गेला असता.

संध्याकाळी दोघींच्या भाड्याच्या खोलीत केतकी आरशासमोर पान पाठ करत होती. ते मोरपंखी कुडतं इस्त्री करून खुंटीला लावलेलं.

"टिपणीसांनी आलेख दाखवला," हर्षला म्हणाली.

केतकीने पान खाली ठेवलं. कुठला आलेख, असं तिने विचारलं नाही, आणि तिथेच हर्षलाला कळायचं ते कळलं.

"तुला माहीत हुतं?"

"हर्षू, ऐक ना."

"हुतं का नव्हतं?"

"होतं," केतकी म्हणाली. "एकदा तू आजारी होतीस. तेव्हा दुसऱ्या कुणी क्यू दिला आणि माझा आकडा एकावन्न आला. तेव्हापासून मी सांगूनच ठेवते की क्यूला हर्षलाच हवी."

"आणि मला वाटायचं, मैत्रीण म्हणून मागतीस."

"मैत्रीण म्हणूनही मागते."

"आयत्या बिळावर नागोबा," हर्षला म्हणाली. "वर्षभर माझ्या जिवावर रडलीस आणि घरी येऊन मलाच विचारलंस, कशी झाली गं. काय बोलायचं मी? चांगली झाली म्हणत होते. येड्यासारखी."

"मी काय करायला हवं होतं? रंग मी ठरवला का तुझा?" केतकीचाही आवाज चढला. "मी नाही म्हटलं असतं तर तिसरी कुणी आली असती. तुला तरीही मिळालं नसतं."

"हेच. समदे हेच म्हणतात. टिपणीस म्हणतात यंत्र, यंत्रवाले म्हणतात प्रकाश, तू म्हणतीस तिसरी. एक माणूस सापडंना ज्याला शिवी घालावी."

"मला घाल," केतकी म्हणाली.

हर्षलाने घातली. चांगली गावाकडची, हुपरीची, बिनपाण्याने धुणारी. केतकी ऐकून घेत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "सोमवारी येशील ना गं?"

"येते," हर्षला म्हणाली. "न येऊन कसं चालेल?"

रविवारी ती हुपरीला आईकडे गेली. आईची संक्रांतीची जुनी चंद्रकळा विरली होती, तिचं आईने हर्षलासाठी कुडतं शिवून ठेवलं होतं. काळंभोर, काठाची एक बारीक पट्टी फक्त गळ्याशी. ऑडिशनवाल्यांना काळं चालत नाही, असं हर्षलाने सांगितलं तेव्हा आईने सुईतला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "काळ्यावर काळं खुलतंय. बघणाऱ्याला डोळं नकोत व्हय?" सोमवारी हर्षलाने ते घातलं आणि वरून मातकट झगा चढवला.

खोलीत चौघंच होते. टेबलामागे टिपणीस, पांढऱ्या शर्टात. शेजारी निर्मात्या मीनाक्षीताई सरनोबत, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. भिंतीसमोर मोरपंखी कुडत्यात केतकी. कॅमेऱ्यामागे, कुणी बघत नाही त्या जागी, हर्षला. केतकीने रिवाजाप्रमाणे नाव सांगितलं, उंची सांगितली, डावी-उजवी बाजू दाखवली, हात पुढे-मागे करून दाखवले. टिपणीसांनी खूण केली.

आता म्हाताऱ्या आईची वाक्यं हर्षलाने वाचायची होती.

"साहेब, त्याला आत उतरवला तेव्हा दोरी बांधली नव्हती," हर्षलाने वाचलं. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करतात, तसं वाचलं. सुराला चढ नाही, उतार नाही.

केतकी चमकली. तिने आपला प्रश्न विचारला. हर्षलाने पुढचं वाक्य तसंच टाकलं, त्याच्या पुढचंही. केतकी आवाज कातर करायला लागली, डोळ्यांत पाणी आणायला लागली. पाणी आलंसुद्धा. पडद्यावर आकडा सत्तरवरून साठवर आला, मग शेहेचाळीसवर.

"थांबा," टिपणीस म्हणाले. "हर्षला, बरं नाही का?"

"ती मुद्दाम करतेय," केतकी म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते आणि हे थरथरणं खरं होतं.

"हो," हर्षला म्हणाली. "मुद्दामच."

सरनोबतांनी चष्मा काढला. "मला कुणी सांगेल का काय चाललंय?"

टिपणीस सांगायला लागले, पण हर्षलाने त्यांना बोलू दिलं नाही. "ताई, ब्याऐंशीचा जो आकडा तुम्हाला दाखवला ना, त्यातलं निम्मं माझं होतं. हिच्याच नाही, वर्षभरातल्या सगळ्यांच्या. सरांकडे आलेख आहे, मागून घ्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी काय केलं, विचारा. मला आणखी अंधारात उभं केलं. सावळ्या बाईची गोष्ट आहे ताई ही. आणि सावळी बाई या खोलीत आहे, तर तिला झगा घालून कॅमेऱ्यामागे ठेवलीय, आणि गोरीला सावळी करणार आहेत."

"अहो, पण यंत्रावर काही उमटतच नाही तिचं," टिपणीस कळवळून म्हणाले. "मी तरी काय करू?"

हर्षला कॅमेऱ्यासमोर आली. तिने झगा डोक्यावरून काढला आणि खुर्चीवर टाकला. आत काळं कुडतं होतं. पडद्यावर लगेच लाल अक्षरं आली: रंग अमान्य.

"माझं उमटत नाही ना? मग माझं मोजूच नका. कॅमेरा फिरवा. तुमचं मोजा."

टिपणीस सरनोबतांकडे बघत होते आणि सरनोबत हर्षलाकडे. ही भूमिका आता हातची गेली, वर रोजचं कामही गेलं, हे हर्षलाला कळत होतं. तरी तिच्याने झगा परत घालवेना.

केतकी भिंतीसमोरून निघाली. हर्षलाला वाटलं, ही चालली बाहेर. ती कॅमेऱ्यापाशी आली, ट्रायपॉडचा मुठीएवढा स्क्रू सैल केला आणि कॅमेरा वळवून टेबलाकडे केला. मग मघाशी हर्षला उभी होती त्या जागी जाऊन उभी राहिली.

"क्यू मी देते," ती म्हणाली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. "माझ्या क्यूवर आजवर कुणाचा आकडा चढलेला नाही. तेव्हा जे काय येईल ते हिचंच समजा."

पडद्यावर आता टिपणीस आणि सरनोबत दिसत होते. दोघांच्या चेहऱ्याखाली आकडे हलायला लागले. यंत्राने टिपणीसांच्या पांढऱ्या शर्टाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"साहेब," केतकीने वाचलं, साधंच, "त्याला आत उतरवला तेव्हा दोरी बांधली नव्हती."

हर्षलाने समोर पाहिलं, जिथे म्हातारी उभी असणार तिथे, आणि तिला तिथे मामी दिसली. चपला दाराबाहेर काढून कोर्टात गेलेली मामी. तिने राग गिळला नाही, लपवलाही नाही, फक्त त्याला खाली बसवलं.

"दोरी कुणाकडे होती?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"मुकादमाकडं. गाडीत हुती, म्हणला."

"गाडी किती लांब होती?"

"हितनं त्या दारापत्तूर."

हर्षलाने दाराकडे पाहिलं. मग टिपणीसांकडे पाहिलं. त्यांनीही दाराकडे पाहिलं होतं. पानावर पुढे आणखी एक प्रश्न होता, तारखेचा. तिने तो विचारला नाही.

"बाई, तुम्ही बसा," ती म्हणाली. "यांना खुर्ची द्या. इतका वेळ या उभ्या आहेत आणि आपण सगळे बसलोय."

सरनोबतांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. टिपणीस अर्धवट उठले होते, खुर्ची द्यायला निघाल्यासारखे, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन तसेच अडकले होते.

पडद्यावर सरनोबतांच्या तोंडाखाली एक्याण्णव होते. टिपणीसांच्या तोंडाखाली शहाण्णव. त्या खोलीत इतका आकडा कधी कुणाचा आला नव्हता.

सरनोबतांनी चष्मा घातला, पुन्हा काढला, पदराने पुसला. "भूमिका हिची," त्या म्हणाल्या.

टिपणीस खाली बसले. त्यांनी गालांवरून हात फिरवला, रुमाल शोधला, मिळाला नाही. मग सवयीने कळफलक पुढे ओढला.

"माझी हरकत नाही, ताई," ते म्हणाले. "पण आकड्याशिवाय वाहिनीकडे नाव जात नाही. हिच्या नावापुढे काय लिहू?"

हर्षलाने खुर्चीवरचा मातकट झगा उचलला, त्याची नीट घडी केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"तुमचाच लिहा," ती म्हणाली.